एसएसडी विकण्याआधी: डेटा खरंच पुसायचा कसा?

लॅपटॉप विकायला काढला की बहुतेक जण नको त्या फायली डिलीट करतात, रिसायकल बिन रिकामा करतात आणि फारच धास्ती वाटली तर ड्राइव्हला फॉरमॅट मारतात. 'फॉरमॅट मारलाय' म्हटलं की घेणाराही खूश आणि देणाराही. डाउनलोड्स फोल्डरमधलं आधार कार्ड, पॅनचं स्कॅन, बँकेची स्टेटमेंट्स, ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, दुकान असेल तर टॅलीचा सगळा डेटा, यांतलं काय गेलं आणि काय उरलं हे मात्र दोघांपैकी कुणालाच सांगता येत नाही.

जुनी फिरती हार्ड डिस्क असती तर उत्तर सोपं होतं. संपूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहायची आणि मोकळं व्हायचं. एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हवर, तेवढ्यावर भागत नाही. तरीही इंटरनेटवरचे बरेच सल्ले अजून हार्ड डिस्कच्याच जमान्यात अडकलेले आहेत. 'पस्तीस वेळा ओव्हरराइट करा' हा त्यांतला सगळ्यात चिवट. तो पीटर गुटमन या कॉम्प्युटर-सुरक्षा संशोधकाच्या १९९६ सालच्या निबंधातून आला, आणि तो निबंध त्या काळच्या चुंबकीय डिस्कबद्दल होता.

नवख्या माणसाने आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. एसएसडी आपण पुसायची नसते, तिच्या आतल्या कंट्रोलरला, म्हणजे ड्राइव्हचा सगळा कारभार बघणाऱ्या चिपला, पुसायला लावायची असते. आपलं काम त्याला योग्य हुकूम देणं आणि तो पाळला गेला की नाही हे बघणं.

आत नेमकं काय होतं

हार्ड डिस्क पाटीसारखी असते, जुनं पुसून त्याच जागी नवं लिहिता येतं. एसएसडी वहीसारखी. नवं नेहमी कोऱ्या पानावर जातं, जुन्यावर नुसती काट पडते. आतल्या नँड फ्लॅश चिपमध्ये लिहिणं 'पेज'च्या मापाने होतं, म्हणजे साधारण ४ ते १६ केबी. पुसणं मात्र 'ब्लॉक'च्या मापाने होतं, आणि एका ब्लॉकमध्ये अशी शेकडो पेज असतात. शिवाय प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो, मग तो निकामी होऊ लागतो. म्हणून कंट्रोलर ही झीज सगळ्या ब्लॉकमध्ये वाटून देतो. यालाच वेअर लेव्हलिंग म्हणतात.

आता तुम्ही एखाद्या फाइलवर शून्यं लिहायला गेलात, तर कंट्रोलर ती शून्यं भलत्याच कोऱ्या पेजवर ठेवतो, आपल्या नकाशात त्या फाइलचा पत्ता बदलतो आणि जुनं पेज शिळं म्हणून बाजूला टाकतो. विंडोजला शून्यं दिसतात. चिपमध्ये जुनी फाइल जशीच्या तशी असते, पुढे कधीतरी तो ब्लॉक पुसला जाईपर्यंत.

त्यात राखीव जागेची भर. खोक्यावर २४० किंवा २५० जीबी छापलेल्या ड्राइव्हमध्ये बहुधा २५६ जीबीच्या चिप असतात. वरची जागा कंट्रोलर स्वतःच्या कामाला ठेवतो आणि ती तुमच्या कुठल्याच सॉफ्टवेअरला दिसत नाही. जे दिसतच नाही त्यावर तुम्ही शून्यं लिहिणार कशी?

'पण ट्रिम असतं ना?' असा प्रश्न थोडी माहिती असलेले लोक विचारतात. असतं. २००९च्या विंडोज ७ पासून फाइल डिलीट झाली की ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्हला कळवते की अमुक जागा आता नको. त्यानंतर साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरला सहसा काही सापडत नाही. पण प्रत्यक्ष पुसणं कंट्रोलरच्या सवडीने होतं, आणि यूएसबीच्या बाहेरच्या डब्यात लावलेल्या ड्राइव्हपर्यंत ट्रिम बरेचदा पोचतच नाही. त्यामुळे ट्रिम असावंच, पण ते पुसल्याचा पुरावा नव्हे.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत झालेलं काम बघा. मायकेल वेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसएसडीच्या चिप थेट वाचून बघितल्या. एकेक फाइल 'सुरक्षितपणे' पुसणाऱ्या सगळ्या पद्धती नापास झाल्या. फाइलचा ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत भाग चिपमध्ये शिल्लक सापडला. संपूर्ण ड्राइव्हवर दोनदा लिहिलं की बहुतेक वेळा डेटा गेला, पण प्रत्येक वेळी नाही. त्यांनी तपासलेल्या १२ ड्राइव्हपैकी ८ ड्राइव्ह अंगभूत पुसण्याचा हुकूम समजतो असं सांगत होते. त्यांतला एक डेटा एन्क्रिप्ट करणारा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा बदलून ठेवणारा, असल्यामुळे तपासता आला नाही. उरलेल्या सातांपैकी चारांनीच तो हुकूम भरवशाने पाळला. एकाने तर 'काम झालं' असं कळवलं आणि सगळा डेटा जागच्या जागी होता! हे ड्राइव्ह त्या काळचे. तेव्हापासून हुकूमही सुधारले आणि कंट्रोलरही. तरी पुढे तपासणीची जी पायरी येते ती याच कारणाने, ती टाळू नका.

ड्राइव्ह कुणाच्या हाती जाणार?

किती खटाटोप करायचा ते यावर ठरवा. लॅपटॉप भाच्याला किंवा धाकट्या बहिणीला द्यायचा असेल तर विंडोजचं रीसेट पुरतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, तिथे 'रीसेट धिस पीसी' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा. त्यानंतर 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करा. हे बटण मुळात बंद असतं आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

अनोळखी माणसाला विकायचा असेल किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक्स्चेंजला द्यायचा असेल तर खालच्या सगळ्या पायऱ्या करा.

आणि दवाखाना, सीएचं ऑफिस, क्लास किंवा पतसंस्था असेल, म्हणजे ड्राइव्हवर दुसऱ्यांची माहिती असेल, तर पुसण्याइतकीच पुसल्याची नोंदही महत्त्वाची. मॉडेल, सिरियल नंबर, पद्धत, तारीख, कुणी केलं, एवढं एका वहीत लिहून ठेवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने काम संपलेली माहिती पुसण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. 'आमच्या कॉम्प्युटरवाल्याने केलं असेल' हे उत्तर तिथे उपयोगाचं नाही.

पायरी १: बॅकअप घ्या, आणि तो उघडून बघा

पुढचे हुकूम परत फिरवता येत नाहीत. डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलात तरी नाही, कारण तोच तर आपला हेतू आहे. म्हणून बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या आणि वेगळ्या मशीनवर चारदोन फायली खरंच उघडून बघा. हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी म्हणजे टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकची फाइल आणि डेस्कटॉपवर साठलेला पसारा. याच लॅपटॉपवर ओटीपीचं ॲप चालत असेल तर ते आधी फोनवर हलवा. खात्यांमधून साइन आउट करा. एकाच मशीनवर चालणारी सॉफ्टवेअर लायसन्स असतील तर ती मोकळी करून घ्या. विंडोजच्या डिजिटल लायसन्सची चिंता नको, ते मदरबोर्डाशी बांधलेलं असतं.

पायरी २: कुठला ड्राइव्ह ते ओळखा

एसएसडी मुख्यतः दोन जातींच्या, साटा आणि एनव्हीएमई. दोघींना द्यायचे हुकूम वेगळे असतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं की इंटरफेस, मॉडेल आणि सिरियल नंबर तिन्ही दिसतात. आकारावरून अंदाज बांधू नका. एम डॉट टू आकाराची पट्टी दिसली म्हणजे ती एनव्हीएमईच असेल असं नाही, त्या आकारात साटाही येतात.

मशीनमध्ये दोन ड्राइव्ह असतील तर जो ठेवायचा आहे तो सरळ काढून बाजूला ठेवा. स्क्रू काढायचा कंटाळा करून चुकीचा ड्राइव्ह पुसल्याच्या कहाण्या दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात ऐकायला मिळतील.

पायरी ३: एन्क्रिप्शन

बिटलॉकर (विंडोजमधलं एन्क्रिप्शन) किंवा विंडोजच्या होम आवृत्तीतलं 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' पहिल्यापासून चालू असेल तर अर्धी लढाई जिंकलेली आहे. चिपच्या कानाकोपऱ्यात जे काही उरेल ते किल्लीशिवाय निव्वळ कचरा.

आत्तापर्यंत बंद असेल तर पुसण्याआधी चालू करा. बिटलॉकर 'फक्त वापरलेली जागा' की 'संपूर्ण ड्राइव्ह' असं विचारतो, तेव्हा संपूर्ण ड्राइव्ह निवडा. मात्र आधी उघडा लिहिलेला डेटा शिळ्या ब्लॉकमध्ये उरलेला असू शकतो आणि उशिरा चालू केलेलं एन्क्रिप्शन त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून नवा ड्राइव्ह घेतलात तर त्यावर पहिली फाइल ठेवण्याआधीच हे करून टाका, आणि रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

ड्राइव्हच्या स्वतःच्या हार्डवेअर एन्क्रिप्शनवर एकट्यावर मात्र विसंबू नका. २०१८ साली नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाचे कार्लो मेयर आणि बर्नार्ड व्हान गास्टेल यांनी क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही मॉडेलमध्ये हे कुलूप पासवर्डाशिवाय उघडतं हे दाखवून दिलं. तेव्हाचा बिटलॉकर ड्राइव्हच्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतः काहीच करत नसे. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बदललं आणि सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन हा मूळ पर्याय केला.

पायरी ४: कंट्रोलरला हुकूम द्या

हुकूम देण्याआधी पायरी ५ मधली तपासणीची युक्ती वाचून घ्या, ती पुसण्याआधीच करायची असते. लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर घ्या, वीज जाण्याच्या वेळा टाळा. ड्राइव्ह थेट मदरबोर्डला जोडलेला असू द्या. यूएसबीच्या डब्यातून हे हुकूम बहुतेक वेळा पुढे जात नाहीत. कधी एरर येते, कधी तीही येत नाही.

सगळ्यात सोपी वाट बायोसमधून, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमधून जाते. ऑफिसच्या वापराच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही सोय असते. डेलमध्ये एफ-२ दाबून बायोस उघडा, 'मेंटेनन्स'खाली 'डेटा वाइप' सापडेल. एचपीमध्ये एफ-१० दाबून 'सिक्युरिटी' आणि तिथे 'हार्ड ड्राइव्ह युटिलिटीज'मध्ये 'सिक्युअर इरेज' असतं. लेनोव्होच्या अनेक थिंकपॅडमध्ये आणि असूसच्या बऱ्याच मदरबोर्डांवरही अशी सोय आहे. असेल तर हीच वापरा, पेनड्राइव्हची भानगड नाही.

बायोसमध्ये नसेल तर ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीचं साधन बघा. सॅमसंगचं मॅजिशियन, क्रुशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, किंग्स्टनचं एसएसडी मॅनेजर, वेस्टर्न डिजिटलचं डॅशबोर्ड. ज्या ड्राइव्हवरून विंडोज चालू आहे तोच ड्राइव्ह चालू विंडोजमधून पुसता येत नाही, फांदीवर बसून फांदी कशी तोडणार? त्यासाठी ही साधनं बहुधा बूट होणारा, म्हणजे विंडोजऐवजी ज्यावरून कॉम्प्युटर सुरू होतो असा पेनड्राइव्ह बनवून देतात, किंवा तो ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला दुय्यम म्हणून जोडावा लागतो. नावात 'सिक्युअर इरेज' किंवा 'सॅनिटाइझ' असेल तो पर्याय घ्या. नुसतं 'फॉरमॅट' नको.

तिसरी वाट लिनक्सच्या पेनड्राइव्हची. पार्टेड मॅजिक हे पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स विकत घ्यावं लागतं, पण त्यात माऊसने काम होतं. नवख्या माणसाला मी तेच सुचवेन. कमांडची भीती नसेल तर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्हही चालतो. साटासाठी एचडीपार्म आणि एनव्हीएमईसाठी एनव्हीएमई-सीएलआय ही साधनं लागतात. नेमकी कमांड त्या साधनाच्या मॅन्युअल पानावरून घ्या आणि एंटर दाबण्याआधी ड्राइव्हचं नाव सिरियल नंबरशी ताडून बघा. दोन्ही जातींत काय घडतं ते मात्र आधी समजून घ्या, नाहीतर मध्येच अडकाल.

साटामध्ये ड्राइव्ह बहुतेक वेळा 'फ्रोझन' दिसतो. कुणा व्हायरसने गुपचूप पासवर्ड लावू नये म्हणून बायोस चालू होतानाच ड्राइव्हची सुरक्षा व्यवस्था गोठवतो. घाबरू नका, कॉम्प्युटर स्लीपमध्ये घाला आणि जागा करा. बहुतेक मशीनवर तेवढ्याने गोठणं सुटतं. त्यानंतर ड्राइव्हला तात्पुरता पासवर्ड द्यावा लागतो आणि मग पुसण्याचा हुकूम. पासवर्ड अगदी साधा, एका अक्षराचा ठेवा. मध्येच वीज गेली तर ड्राइव्ह त्याच पासवर्डाने कुलूपबंद राहतो, आणि तुम्ही कल्पकता दाखवून लांबलचक काहीतरी ठेवलेलं असलं तर तेच आठवत बसाल. काम नीट पुरं झालं की पासवर्ड आपोआप निघतो. 'एनहान्स्ड' पर्याय मिळत असेल तर तो घ्या.

एनव्हीएमईमध्ये दोन हुकूम आहेत. 'फॉरमॅट'ला पुसण्याची पातळी सांगावी लागते. पातळी १ वापरकर्त्याचा डेटा पुसते, पातळी २ आतली एन्क्रिप्शनची किल्ली बदलते. ० दिली तर सुरक्षित पुसणं घडतच नाही, ही फट लक्षात ठेवा. दुसरा हुकूम 'सॅनिटाइझ', २०१७च्या एनव्हीएमई १.३ या मानकात आलेला. माझी पसंती यालाच, कारण तो राखीव जागा आणि कॅश धरून सगळं पुसतो आणि मध्ये वीज गेली तरी परत आल्यावर स्वतःच पुढे चालू होतो. पुरं होईपर्यंत ड्राइव्ह दुसरं काही वाचू-लिहू देत नाही. त्यातही 'ब्लॉक इरेज' (ब्लॉकच रिकामे करणारा) आणि 'क्रिप्टो इरेज' (आतली किल्ली नष्ट करणारा) असे प्रकार आहेत. दोन्ही मिळत असतील तर आधी क्रिप्टो आणि मग ब्लॉक चालवा, फारसा वेळ जात नाही. काही स्वस्त ड्राइव्ह सॅनिटाइझ समजतच नाहीत. त्यांच्यासाठी फॉरमॅटची पातळी १.

पहिल्यांदा करणाऱ्याला हे सगळं संशयास्पद वेगाने होतंय असं वाटतं. क्रिप्टो इरेजला काही सेकंद, ब्लॉक इरेजला सेकंदांपासून काही मिनिटं. ते ठीक आहे. इथे कुणी शून्यं लिहीत बसलेलं नाही, ब्लॉकच्या ब्लॉक एकदम रिकामे होतात किंवा किल्लीच नष्ट होते.

पायरी ५: तपासा

पुसण्याआधी एक साधी युक्ती करून ठेवा. एखादं विचित्र वाक्य हजारो वेळा लिहिलेली मोठी टेक्स्ट फाइल त्या ड्राइव्हवर टाका. पुसून झाल्यावर ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला जोडा, एचएक्सडी हा मोफत हेक्स एडिटर (ड्राइव्हवरचे कच्चे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि आख्खा ड्राइव्ह फक्त-वाचन पद्धतीने उघडून ते वाक्य शोधा. ही युक्ती एन्क्रिप्ट नसलेल्या ड्राइव्हवरच कामाची. बिटलॉकर चालू असेल तर वाक्य मुळातच उघडं लिहिलं जात नाही. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा जागाही डोळ्यांखालून घाला. ब्लॉक इरेजनंतर बहुधा सगळीकडे शून्यं दिसतात, क्वचित सगळीकडे एफएफ. नुसता क्रिप्टो इरेज केला असेल तर अर्थहीन आकडे दिसू शकतात आणि ते नव्या किल्लीचे की जुनेच हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. आधी क्रिप्टो, मग ब्लॉक असा क्रम सांगितला तो यासाठी.

या तपासणीला मर्यादा आहे. कंट्रोलर जे दाखवतो तेच तुम्हाला दिसतं, चिपच्या पोटात डोकावायला प्रयोगशाळा लागते. घरगुती वापरासाठी एवढं पुरे. इस्पितळाच्या नोंदींसाठी पुरे नाही.

हुकूमच चालत नसेल तर

जुना किंवा अनामिक ब्रँडचा ड्राइव्ह असेल आणि काहीच दाद देत नसेल तर संपूर्ण ड्राइव्ह व्हेराक्रिप्ट या मोफत एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरने, 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून, लांबलचक पासवर्डाने एन्क्रिप्ट करा. मग फॉरमॅट मारा आणि नव्या पासवर्डाने पुन्हा तेच. पासवर्ड लिहून ठेवू नका. विंडोजच्या डिस्कपार्टमधलं 'क्लीन ऑल' नुसती शून्यं लिहितं, आणि काही कंट्रोलर डेटा दाबून साठवत असल्याने शून्यांचा डोंगरही त्यांच्या लेखी चिमूटभर असतो. यादृच्छिक दिसणारा डेटा दाबता येत नाही, म्हणून एन्क्रिप्शनची वाट बरी. दोनदा लिहून ड्राइव्ह झिजेल का? ५०० जीबीच्या सॅमसंग ८७० इव्होला ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी आहे. तुमच्या दोन फेऱ्या म्हणजे १ टेराबाइट.

मॅक आणि फोन

ॲपल सिलिकॉनच्या किंवा टी-२ चिपच्या मॅकवर डेटा कायम एन्क्रिप्ट झालेला असतो. मॅकओएस मॉन्टेरे किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' वापरा, किल्ली नष्ट होते आणि विषय संपतो. त्याहून जुन्या इंटेल मॅकवर आधी फाइलव्हॉल्ट (मॅकचं एन्क्रिप्शन) चालू करून पूर्ण होऊ द्या, मग डिस्क पुसा. अलीकडच्या अँड्रॉइड फोनवरही हेच तत्त्व आहे, आधी गुगल खातं काढा आणि मग फॅक्टरी रीसेट करा.

ड्राइव्ह मेलेला असेल तर

सगळ्यात अवघड प्रसंग हाच. ड्राइव्ह दिसत नाही म्हणून हुकूम देता येत नाही, पण चिपमध्ये डेटा शाबूत असतो. वॉरंटीत बदलून मिळत असेल तर मोह होतो. डेटा एन्क्रिप्टेड असेल तर खुशाल पाठवा. उघडा असेल आणि त्यात लोकांचे कागद असतील तर दोन-पाच हजारांची वॉरंटी सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग उरतो तोडफोडीचा मार्ग. लोहचुंबकाचा काही उपयोग नाही, यात चुंबकीय असं काही नसतंच. अडीच इंची साटा ड्राइव्हच्या डब्याला बाहेरून ड्रिल मारणंही फसवं. आतला बोर्ड कित्येकदा डब्याच्या निम्म्या जागेतच असतो आणि भोक मोकळ्या हवेत पडतं. डबा उघडा, काळ्या चौकोनी चिप शोधा आणि एकूण एक चिपचा चुरा करा. एम डॉट टू पट्टीच्या मागच्या बाजूलाही चिप असू शकतात, स्टिकर काढून बघा. डोळ्यांवर गॉगल हवा. जाळायचं नाही आणि मायक्रोवेव्हमध्येही घालायचं नाही, धूर विषारी असतो. अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था एसएसडीचे तुकडे २ मिलिमीटरपर्यंत बारीक करायला सांगते. घरी ते जमणार नाही, पण चिप फुटली पाहिजे, नुसती वाकून चालणार नाही.

चुरा कोरड्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे देऊ नका. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी झालेल्या रिसायकलरकडे द्या. ऑफिसचे ड्राइव्ह असतील तर त्याच्याकडून सिरियल नंबरसह नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. त्यासाठी डबा उघडण्याआधी स्टिकरचा फोटो काढून ठेवा, कारण नंतर तो नंबर वाचायला उरत नाही.